हार्डडिस्कमधली अक्का

आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म एक जूनचा. खरा कुणाचाच नाही. बाप पोराला शाळेत घेऊन गेला की गुरुजी पोराला डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की एक जून लिहून मोकळे. त्या गुरुजींच्या काय ध्यानीमनी, की हीच पोरं म्हातारी होऊन सगळी एकाच दिवशी, मे महिन्याच्या शेवटच्या तारखेला, सेवानिवृत्त होतील आणि लातूर-नांदेडात निरोप समारंभाला एक हॉल शिल्लक राहायचा नाही. मंडपवाला, आचारी, फेटेवाला, छापखाना, सगळ्यांचे भाव त्या आठवड्यात आभाळाला.

माझे दाजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे, अक्काचे, यजमान, ह्याच एक जूनवाल्यांतले. औसा तालुक्यात आयुष्यभर मास्तरकी केली, शेवटी मुख्याध्यापक झाले. आता आमच्याकडं नुसता हार-नारळ घालून माणूस निवृत्त होत नाही. गौरवग्रंथ लागतो. रंगीत कव्हर, पहिल्या पानावर आईबापाचे फोटो, मग पुढाऱ्यांचे शुभसंदेश, मग लेख. आणि असला ग्रंथ काढायचा म्हटलं की आमच्या पाहुण्यारावळ्यांना माझी आठवण होते. मी नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. तेवढ्या भांडवलावर मी साऱ्या सोयऱ्यांचा संपादक. लग्नपत्रिकेतल्या दोन ओळी माझ्या, वास्तुशांतीच्या माझ्या, पेपरातल्या पुण्यस्मरणाच्या चौकटीतल्याही माझ्याच. कुणी मेलं तरी लोक आधी खांदेकरी शोधतात आणि मग मला फोन लावतात.

ह्या ग्रंथांतले लेख मला न वाचता पाठ आहेत. गौरवमूर्ती शिस्तप्रिय पण प्रेमळ. वरून फणस, आतून गरे. विद्यार्थ्यांचे दैवत. वेळेचे पक्के. ज्यानं आयुष्यात कधी परिपाठाला तोंड दाखवलं नाही तोही वेळेचा पक्का. मी दुरुस्त करायला बसलो की चिडचिड व्हायची आणि बायको म्हणायची, "अहो, तुम्हाला कोण वाचायला सांगतंय? छापायला सांगितलंय."

त्यात एक लेख ठरलेला. 'अर्धांगिनीच्या नजरेतून.' वर बाईचा डोक्यावर पदर घेतलेला फोटो आणि खाली मी लिहिलेला मजकूर. आजवर एकाही अर्धांगिनीनं तो स्वतः लिहिलेला नाही. त्या फोटो तेवढा देतात. अक्काचाही मी असाच मनातल्या मनात लिहून ठेवला होता. पण एका दुपारी अक्काचा फोन आला.

"भाऊ, माझं तू लिहू नको. मी सांगते. मी बोलंन तसं तू टाईप कर. जसंच्या तसं."

"अगं, मी करतो ना सगळं."

"न्हाई. मला सांगायचंय. हे घरात नसले की फोन करते."

दाजी पेन्शनच्या कागदांसाठी रोज दुपारी बाहेर पडायचे. ते गेले की अक्का फोन करायची. मी फोन स्पीकरवर टाकून कॉम्प्युटरसमोर बसायचो. ती बोलायची, मी बडवायचो. सुरुवातीला कंटाळा आला होता, खोटं कशाला बोलू. सासरी पहिल्यांदा आली तेव्हा चूल कुठं होती, शेणगोळा कोण करायचं, असलं काहीबाही. मी मनात म्हणत होतो, हे सगळं कापावं लागंल. मग ती पेपरांवर आली.

दाजींच्या शाळेतल्या पोरांचे पेपर अक्का तपासायची. चाचणी, सहामाही, वार्षिक, सगळे. दाजींना मीटिंगा, जनगणना, निवडणूक, सोसायटी, आणि शिवाय चार माणसांत ऊठबस. गठ्ठे घरी यायचे. अक्का बारावी झालेली. माहेरी होती तेव्हा तिला डी.एड. करायचं होतं, आमच्या वडलांनी तिचं लग्न लावून दिलं. रात्री पोरं झोपली की ती लाल पेन घेऊन बसायची. दाजींच्या अक्षराचं वळण तिनं गिरवून गिरवून बसवलं. आणि नुसते गुण देऊन तिचं भागायचं नाही. प्रत्येक पेपरखाली पोराला दोन ओळी लिहायची. बाळा, तुला येतंय पण घाई करतोस. तुझी चूक गणितात न्हाई, पाढ्यात हाय. आईला म्हणावं, हिला शाळेतनं काढू नका.

मी टाईप करता करता थांबलो. त्या ओळी मला माहीत होत्या. आख्ख्या तालुक्याला माहीत होत्या. दाजींना आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा भाषणात ह्याच ओळींचं कौतुक झालं होतं. हा मास्तर एकेका लेकरासाठी पेपरावर पत्र लिहितो म्हणून.

"त्या कार्यक्रमात मी पहिल्या रांगेत बसले होते," अक्का म्हणाली. "मला शाल दिली, नारळ दिला. सावित्रीची लेक म्हनले. मला राग न्हाई आला बग. हे मला कधी वाकडं बोलले न्हाईत, कधी हात उगारला न्हाई. पण मागं एक पोरगा आला होता घरी, आता लातूरला मोठ्या कामाला हाय. त्यानं सातवीतला पेपर जपून ठेवलेला. म्हनला, गुरुजी, ह्या दोन ओळींनी मी शिकलो. ह्यांच्या पाया पडला. मी चहा घेऊन उभी. ह्यांनी एकदा माझ्याकडं बगावं, एवढंच वाटलं. नुसतं बगावं. तर हे त्याला म्हनले, चहा घे, थंड होतोय."

 मग म्हणाली, "घातलंस का हे? जसंच्या तसं घाल. मी आता परत न्हाई सांगणार, भाऊ. एकदा बोलले, मोकळी झाले."

मी म्हटलं, घातलं. आणि घातलंच होतं. त्या दिवशी मी खरंच तिच्या तोंडचं एक अक्षर बदललं नव्हतं. फाईलला नाव दिलं 'अक्का', आणि उठून पाणी प्यालो.

आता ती गोष्ट सांगतो जिची लाज पोटात धरून बसलोय. फाईल बंद केली आणि पहिला विचार हा आला की हे छापायचं कसं? शिक्षणाधिकारी येणार, सभापती येणार. मुख्याध्यापकाचे पेपर बायको तपासायची, हे ग्रंथात? पेन्शन अडकवायला माणसं टपलेलीच असतात. दाजींची मान खाली. आणि माझी? संपादक म्हणून नाव माझं. सोयरे म्हणतील, मेव्हण्यानं सूड उगवला. चार दिवस मी घरात चिडून फिरलो. बायकोला वाचायला दिलं. तिनं वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाली, "एवढा एकच लेख छापा. बाकीची रद्दी."

"तुला काय जातंय बोलायला," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात कॉम्प्युटर बिघडायला लागला.

मे महिन्यातलं नांदेड ज्यानं पाहिलं नाही त्याला काय सांगायचं! टाकीतल्या पाण्याचा हाताला चटका बसतो. माझा कॉम्प्युटर म्हणजे जुना, जोडून घेतलेला डबा. काम करता करता पडदा निळा व्हायचा, वर पांढरी इंग्रजी अक्षरं, आणि आपला आपण बंद. पुन्हा चालू केला की तासभर नीट चालायचा. पुन्हा निळा. कुणीही शहाण्या माणसानं पहिल्या फटक्याला सगळं पेनड्राइव्हवर घेतलं असतं. पेनड्राइव्ह होता, त्यात गाणी होती, ती पुसायला जिवावर आलं. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "पप्पा, मेलवर टाकून ठेवा." मी म्हटलं, "मला शिकवू नको. मी ह्या मशीनला तुझ्यापेक्षा जास्त ओळखतो."

मग ओळखीचे सगळे उपाय झाले. डबा उघडला, धूळ काढली. रॅमची पट्टी उपसून खोडरबरानं घासली, हे आमच्याकडं दहापैकी आठ जणांना येतं. वायरी काढून पुन्हा खोचल्या. डब्याच्या टाळक्यात एक चापटही दिली. प्रत्येक उपायानंतर तो थोडा वेळ चालायचा आणि मला वाटायचं, जमलं. शेवटी मी निदान केलं की मशीन तापतंय. आणि तापलेल्याला काय लागतं? गारवा. मी सीपीयूचं झाकण काढून तो उचलला आणि थेट कूलरसमोर ठेवला. वाळ्याचा कूलर, बोअरचं खारं पाणी, पंखा फुल्ल.

बायको दारात उभी राहून बघत होती. "माणसालासुद्धा एवढं कुणी जपत न्हाई," ती म्हणाली.

दोन दिवस मशीन असं चाललं की मी शेजाऱ्याला बोलावून दाखवलं. तिसऱ्या दिवशी कूलरच्या जाळीतून तुषार उडत असलेले दिसले. मी चालू करायला गेलो तर आतून टिक-टिक, टिक-टिक असा आवाज यायला लागला. पडदा काळाच. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. एवढ्यावर थांबावं की नाही? आवाज करणारी हार्डडिस्क जितक्या वेळा चालू करावी तितकी जास्त बिघडते, हे मला नंतर कळलं. मी ती संध्याकाळपर्यंत चालू-बंद करत होतो. शेवटी वायर उपटून फेकली आणि बायकोवर ओरडलो. तिचा काय संबंध? काही नाही. जवळ होती एवढंच.

दुसऱ्या दिवशी डबा पोत्यात घालून रिक्षातून बाजारातल्या दुकानात नेला. गेलेला डेटा परत काढून मिळेल, अशी पाटी होती. दुकानदार पान चघळत होता. त्यानं झाकण काढलं, आत बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. पांढरा क्षार.

"सर, ये पानी में गिरा था क्या?"

"कूलरसमोर ठेवला होता," मी हळूच म्हणालो.

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असा हसला. "आज तक कूलर के सामने आदमी देखे, भैंस देखी. कॉम्प्युटर पहली बार." सगळे हसले. मी मराठीचा प्राध्यापक, घामानं निथळत, रिकामं पोतं हातात. हसलो मीही. दुसरं काय करणार?

पण माणूस कामाचा होता. डिस्क काढून स्वतःच्या मशीनला जोडली, कसलंसं सॉफ्टवेअर लावलं. पडद्यावर एकेक नाव यायला लागलं. फायली उघडल्या तर आत नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. त्यानं जाहीर केलं, "सब करप्ट."  मग लक्षात आलं की मी अजून जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप करतो आणि तो फॉन्ट त्याच्याकडं नाही. मोबाईलवरून फॉन्ट शोधून टाकला आणि चिवड्याचं पुन्हा मराठी झालं. शिस्तप्रिय पण प्रेमळ. फणस. गरे. विद्यार्थ्यांचे दैवत. सगळे आले. देवा, एकही फणस हरवला नव्हता.

'अक्का' नावाची फाईल दिसत होती. उघडली. पहिली काही वाक्यं नीट होती. चूल, शेणगोळा, सासूबाई. त्याखाली पान भरून नुसते चौकोन.

दुकानदार म्हणाला, "सर, ये टूटी हुई है. डीप स्कॅन मारना पडेगा. टाइम लगेगा, मशीन यहीं छोडो, परसों आओ. निकलना तो चाहिये. करू का?"

मराठीत विचारलं त्यानं, शेवटचं तेवढं. करू का?

माझ्याकडं वेळ होता. छापखान्यानं अजून आठवडा दिला होता. परवा यायचं होतं, फक्त यायचं. आणि मला माझं आतलं मन स्पष्ट ऐकू आलं. ते म्हणत होतं, सुटलास. आता तुला छापायचं की नाही हे ठरवायचं कारण नाही. तू काही केलं नाहीस. मशीननं केलं.

"राहू द्या," मी म्हणालो. "बाकीचं निघालं ना? बस झालं."

"सोच लो. पुरानी डिस्क का क्या करना?"

"टाका तुम्ही."

नवी डिस्क बसवून घेतली आणि रिक्षात बसलो. हलकं वाटत होतं. आज हे लिहिताना कानशिलं तापतात, पण त्या दिवशी खरंच हलकं वाटत होतं. वाटेत थांबून उसाचा रस प्यालो.

बायकोनं दारातच विचारलं, "अक्कांचं निघालं?"

"न्हाई निघालं."

"मग परत फोन करा ना. त्या सांगतील."

"तिला कशाला त्रास?"

"त्रास तिला की तुम्हाला?" ती म्हणाली आणि आत गेली. तिला दुकानातलं काही माहीत नव्हतं, तरी तिनं नेमकं तेच विचारलं.

लेख मी एका बैठकीत लिहिला. हात बसलेला आहे. उंबरठ्यावरचं माप, संसाराचा गाडा, ऊनपाऊस. त्यातल्या त्यात मनाची टोचणी जावी म्हणून पेपरांचाही उल्लेख केला. 'प्रसंगी पेपर तपासणीच्या त्यांच्या ज्ञानयज्ञात मीही खारीचा वाटा उचलला.' हे वाक्य लिहून मी स्वतःवर खूष झालो होतो. वाटलं, साप मेला, काठीही शाबूत. डिस्कमधून वाचलेल्या पहिल्या ओळी, चूल आणि शेणगोळा, त्याही काढून टाकल्या, कारण पुढच्या भाषेशी जुळत नव्हत्या. अक्काचा फोन आला, "माझं झालं का रे नीट?" मी म्हटलं, "झालं."

समारंभ लातूरला. हॉल मिळाला होता, सकाळचा, कारण संध्याकाळी तिथंच दुसऱ्या एक जूनवाल्याचा होता. फेटे, सनई, नावं पुकारणं, पुन्हा नावं पुकारणं. ग्रंथाचं प्रकाशन झालं आणि सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी, कुणी सांगितलं नसताना, अक्काचा लेख माईकवर वाचायला घेतला. बाईंचा आवाज गोड. खारीच्या वाट्यावर टाळ्या पडल्या. दाजींनी डोळ्याला रुमाल लावला. अक्का पहिल्या रांगेत होती, मांडीवर शाल आणि नारळ. ती मान थोडी वाकडी करून ऐकत होती. लग्नात दुसऱ्याच पोरीचं नाव पुकारलं तर नवरी अशी ऐकते, हे आपलं नव्हे म्हणून, पण उठूनही जाता येत नाही.

जेवणाच्या पंगतीत ती मला शोधत आली. माझ्या हातातली बुंदी तशीच राहिली.

"भाऊ, हे मी बोलले होते व्हय?"

"हो. म्हणजे, थोडं नीटनेटकं केलं."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मला वाटलं, आता ही बोलणार. बोलली असती तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, "आसंल बाबा. तू शिकलेला हाइस." तेवढ्यात चार बाया आल्या, "वैनी, किती सुंदर लिहिलंत," म्हणत तिला ओढून घेऊन गेल्या.

त्यानंतर मी औशाला जायचं टाळलं. राखीला कॉलेजचं काम निघालं. फोनवर तब्येतीच्या पलीकडं बोलणं जाऊ द्यायचो नाही. वर्गात आत्मचरित्राचा पाठ शिकवताना, बाईनं आपल्या तोंडानं आपलं सांगणं किती महत्त्वाचं, हे वाक्य निम्म्यावर आलं आणि मी पुस्तक मिटून हजेरी घ्यायला लागलो. पोरांना वाटलं सर विसरले. मी दुकानात परत गेलो. त्या डिस्कचं काय केलं, विचारलं. दुकानदाराला आठवेना. मी कूलर म्हटल्यावर आठवलं. "अरे हां! वो तो भंगार में गयी, सर. आपने ही बोला, टाका." भंगारवाला कोण, तेही विचारलं. तो हसायचा थांबला आणि म्हणाला, "सर, इतनी जरुरी थी तो उस दिन बोलना था ना."

शेवटी ठरवलं की तिलाच सगळं सांगायचं. तिच्यासमोर बसून, जसंच्या तसं पुन्हा लिहून घ्यायचं. छापायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, पण असलं पाहिजे. डिस्क भंगारात गेली तर गेली, अक्का तर आहे. हा विचार आला आणि मला पुष्कळ दिवसांनी नीट झोप लागली. भाऊबीजेला मुलीचा जुना लॅपटॉप घेऊन निघालो. बायको म्हणाली, "ओवाळणी घेतली का? का नुसता लॅपटॉपच ठेवता ताटात?"

औशाला ओवाळून झालं, जेवणं झाली, दाजी दुपारचे बाहेर पडले. अक्का जात्याच बोलकी नाही, पण त्या दिवशी खुशीत होती. मी मनाचा हिय्या केला आणि सगळं सांगितलं. कूलर, डिस्क, दुकान. आणि तेही सांगितलं. "अक्का, तुझं निघालं असतं. तो माणूस काढतो म्हणत होता. मीच काढू दिलं न्हाई. मी भ्यालो. आणि मग माझ्याच मनाचं लिहून तुझ्या फोटोखाली छापलं."

तिनं सुपारी कातरायची थांबवली. मी खाली बघत होतो. तिनं चांगल्या चार शिव्या द्याव्यात, निदान रडावं, असं मला वाटत होतं.

"आरं, त्यात काय एवढं," ती म्हणाली. "लई चांगलं लिहिलंस तू. भिशीतल्या बायांनी दोनदा वाचून घेतलं माझ्याकडनं. शाळेच्या कार्यक्रमात बी मला बोलवलं, तेच वाचून दाखवलं. सुनेनं तर त्याचं स्टेटस ठेवलं होतं. मला एवढं नीट कुठं सांगता आलं असतं?"

"तसं न्हाई अक्का. मला तुझं पायजे. तू फोनवर सांगितलेलं. परत सांग. मी आज एक अक्षर बदलत न्हाई."

"आता?"

"आता."

मी लॅपटॉप मांडीवर घेतला. ती पदर सावरून नीट बसली, फोटो काढायला बसतात तशी, आणि घसा साफ केला.

"मी या घराचं माप ओलांडून आले," ती म्हणाली, "तेव्हा संसाराचा गाडा..."

माझी बोटं थांबली. "अक्का, तसं न्हाई गं. चुलीपासून सांग. चूल कुठं होती?"

"चूल?" ती गोंधळली. "चुलीचं काय लिहायचं, भाऊ?"

"बरं, पेपरांचं सांग. लाल पेन. रात्री तपासायचीस ते."

"हां, पेपर." तिनं जरा आठवल्यासारखं केलं. "पेपर तपासणीत मी आपला खारीचा वाटा उचलायची."

"आणि खालच्या त्या ओळी? बाळा, घाई करतोस म्हणून? पोरगं पेपर घेऊन आलं होतं, तू चहा घेऊन उभी होतीस."

तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत काही हलतंय का म्हणून मी बघत राहिलो. ती लपवत नव्हती. ती आठवत होती, प्रामाणिकपणे, कपाळाला आठ्या घालून.

"त्या ओळी ह्यांच्याच की रे," ती म्हणाली. "मी नुसती उतरवायची. माझं अक्षर चांगलं होतं ना, म्हणून."

 ती थांबून माझ्या बोटांकडं बघत होती, म्हणून मी टाईप करायला लागलो. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो, एक अक्षर न बदलता. सगळं झाल्यावर तिनं वाचून दाखवायला लावलं. मी वाचलं. ती मान डोलवत होती. शेवटी म्हणाली, "आता बरोबर झालं. जपून ठेव हं, भाऊ. मागल्यासारखं जायला नको."

मी फाईल लॅपटॉपवर ठेवली, पेनड्राइव्हवर घेतली आणि तिच्यासमोर मेलवरही टाकली. ती अजून तिन्ही ठिकाणी आहे.